मंत्र्यांची सही आहे, तरी साकव होत नाही. मग सरकार म्हणजे नक्की कोण?

व्हाळापलीकडची

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध वाटेल, पण आठ महिने डोक्यात घोळतोय म्हणून इथे टाकते.

आमची वाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. बावीस घरं. व्हाळावर साकव, पायी जायचा छोटा पूल, आहे, म्हणजे होता. माडाची दोन खोडं, त्यावर आडव्या फळ्या आणि धरायला एका बाजूला बांबू. गेल्या पावसात एक खोड वाहून गेलं. उरलेल्या खोडावरून माणसं तोल सांभाळत जातात. अकरा पोरं शाळेला तिथूनच जातात आणि पाणी चढलं की घरी बसतात. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पलीकडे नेलं, तेही साकव धड होता तेव्हा.

ग्रामपंचायत म्हणते, एवढा पैसा आमच्याकडे नाही, वर विचारा. पंचायत समितीत म्हणाले, ही वाट आमच्या यादीत दिसत नाही, बांधकाम खात्यात बघा. बांधकाम खात्याच्या माणसाने विचारलं, "रस्त्याचा नंबर काय?" पायवाटेलाही नंबर लागतो हे मला त्या दिवशी कळलं. पुण्याच्या दिरांनी पंतप्रधानांच्या पोर्टलवर तक्रार केली. उत्तर आलं की विषय राज्य शासनाचा असल्याने तिकडे पाठवला आहे. तक्रार बंद.

शेवटी ओळखीने एका मंत्र्यांची वेळ मिळाली. मुंबईच्या दोन फेऱ्या झाल्या. मंत्र्यांनी माझ्यासमोर अर्ज वाचला, चांगलं बोलले आणि डाव्या कोपऱ्यात तिरकं लिहिलं, "तपासून तातडीने कार्यवाही करावी." खाली सही. मी फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला, नारळ फोडायची तारीखसुद्धा ठरायला लागली. त्याला आता आठ महिने झाले. मधे एकच पत्र आलं की आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव अमुक कार्यालयाकडे पाठविण्यात येत आहे.

तर विचारायचं असं की मंत्र्यांनी लिहून दिल्यावर खालचे ऐकत का नाहीत? मंत्री मोठे की सचिव? कलेक्टर मोठे की जिल्हा परिषदेचे सीईओ? शाळेत कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ पाठ केलं होतं, त्यात आमचा साकव कुठे बसतो? सासूबाई रोज म्हणतात, "अगो, सरकार म्हणजे कोण ता तरी एकदा विचारून घे."

कट्टेकरी

सोपं आहे. सरकार म्हणजे पीए. बाकी सगळे सहीचे धनी. पुढच्या वेळी मंत्र्यांना नमस्कार करा आणि पीएला फोन नंबर मागा.

(माहितीचा अधिकार टाका. निदान अर्ज कुठे झोपलाय ते तरी कळेल.)

निवडनस्ती

ताई, आधी ओळख देतो. १९८६ साली मंत्रालयात लिपिक म्हणून लागलो आणि २०२१ साली अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. तिरक्या शेऱ्याचे अर्ज किती हाताळले याची मोजदाद नाही. कट्टेकरी म्हणतात ते साफ खोटं नाही, पण त्याने साकव होणार नाही.

तुमच्या कागदापासून सुरू करू. त्या शेऱ्यात तुम्ही "तातडीने" वाचलंत. आम्ही टेबलावर "तपासून" वाचतो. मंत्र्यांनी तुमचं काम मंजूर केलेलं नाही, खात्याला बघायला सांगितलंय. आणि समजा "मंजूर" लिहिलं असतं, तरी तेवढ्याने शासनाचा आदेश होत नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निकाल आहे, बच्चित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य. पेप्सू नावाचं एक राज्य १९५६ पर्यंत होतं. तिथल्या महसूल मंत्र्यांनी एका कर्मचाऱ्याच्या नस्तीवर, म्हणजे फायलीवर, लिहिलं की याला बडतर्फ करू नका, खालच्या पदावर घ्या. तेवढ्यात पेप्सू पंजाबात विलीन झालं, नस्ती पंजाबच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली आणि त्यांनी बडतर्फी कायम केली. कर्मचाऱ्याचं म्हणणं, आधीच्या मंत्र्यांनी लिहिलेला हुकूम मोडता कसा? न्यायालय म्हणालं, नस्तीवरचा मजकूर हा हुकूम नव्हे. तो राज्यपालांच्या नावाने निघायला हवा आणि ज्याच्यासाठी आहे त्याला कळवायला हवा. तोपर्यंत मंत्रीसुद्धा आपलं मत बदलू शकतात.

आता कोणताही शासन निर्णय, म्हणजे जीआर, काढून शेवटचं पान बघा. "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" अशी ओळ असते आणि तिच्याखाली सही असते बहुधा अवर सचिवाची किंवा उप सचिवाची. मंत्र्यांची नाही, मुख्य सचिवांचीही क्वचितच. माझ्या सहीने असे किती निघाले, आणि त्यातल्या एकाही राज्यपालांना मी जवळून पाहिलेलं नाही. घटनेच्या १५४ व्या अनुच्छेदाने राज्याची कार्यकारी सत्ता राज्यपालांकडे दिली आहे. १६३ व्याने त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायला लावलंय. आणि १६६ व्याने सांगितलंय की कामाची वाटणी नियम करून करा. त्या नियमांना कार्यनियमावली म्हणतात. कोणता विषय कोणत्या विभागाचा, कोणती नस्ती मुख्यमंत्र्यांकडे, कोणती मंत्रिमंडळासमोर, कोणती वित्त विभागाला दाखवल्याशिवाय हलवायची नाही, हे सगळं त्यात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तिचं नावही नसतं, आणि मंत्रालय चालतं ते तिच्यावर.

मंत्री मोठे की सचिव, हे प्रत्येकजण विचारतो. निर्णय मंत्र्यांचा. सचिव नियम काय म्हणतो ते टिप्पणीत लिहितात, पटलं नाही तर तसंही लिहितात. मंत्री ते डावलून निर्णय घेऊ शकतात, पण लेखी. मग सचिवांना तो राबवावा लागतो. मात्र पैशांचा विषय आला की दोघांनाही वित्त विभागाचं दार वाजवावं लागतं. जीआरमध्ये "वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने" असं वाक्य दिसेल. त्या वाक्यातल्या "अनौपचारिक" शब्दाला फसू नका, त्याच्याइतकं औपचारिक दुसरं काही मी पाहिलं नाही. मंत्री बदलतात. २००३ च्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आपल्या २८८ आमदारांवर म्हणजे ४३. उपमुख्यमंत्री आणि पालकमंत्री हे शब्द घटनेत शोधलेत तर सापडणार नाहीत, पण त्यातला दुसरा तुमच्या फार कामाचा आहे, त्यावर येतो.

तुमचा अर्ज कुठून कुठे गेला ते मी न बघता सांगतो. मंत्री कार्यालयात त्याला आवक क्रमांक पडला. तिथून सचिवांच्या कार्यालयात. तिथून सह सचिव, उप सचिव, अवर सचिव असे खाली खाली शेरे पडत कार्यासनावर आला, म्हणजे कक्ष अधिकारी आणि त्याचे सहायक बसतात तिथे. सहायकाने वाचला. रस्त्याचा क्रमांक नाही, अंदाजपत्रक नाही, ठराव नाही. साकव म्हणजे गावपातळी, म्हणजे जिल्हा परिषद, म्हणजे विषय ग्रामविकासाचा. त्याने पत्र काढलं आणि अर्ज तिकडे वर्ग केला. (गंमत म्हणजे ग्रामविकास विभाग बसतो फोर्टातल्या बांधकाम भवनात, आणि सार्वजनिक बांधकाम विभाग बसतो मंत्रालयात. नवखा माणूस हमखास उलट्या इमारतीत शिरतो.) तिथून तो तुमच्या जिल्ह्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, तिथून कार्यकारी अभियंता, तिथून उपविभाग. म्हणजे जिथून तुम्ही निघालात त्या टेबलापाशी अर्ज मुंबई फिरून परत आला. कुणी अडवला असं नाही. सगळ्यांनी पुढे ढकलला, आणि प्रत्येकाने आपलं काम केलं.

आपल्याकडे २००५ चा बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे. साधारणपणे कोणतीही नस्ती एका माणसाकडे कामाच्या सात दिवसांवर राहू नये, दुसऱ्या विभागाला विचारायचं नसेल तर ४५ दिवसांत आणि विचारायचं असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असं त्यात आहे. लोक तो दाखवायला येत. पण तुमचा अर्ज अजून नस्ती झालेलाच नाही. प्रस्ताव आला की नस्ती उघडते. नुसत्या अर्जाला उत्तर देऊन तो निकाली काढता येतो, तसा तो निकाली निघालाय. तुम्हाला मधे आलेलं ते पत्र म्हणजे शासनाच्या लेखी तुमचं काम संपल्याची पावती होती.

एक जुनी गोष्ट सांगतो. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. चौथा, पाचवा, सहावा मजला खाक झाला. पुढचे कित्येक महिने आम्ही जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या करत होतो. कशावरून? जिल्ह्यांकडून, आयुक्त कार्यालयांकडून, महालेखापालांकडून प्रती मागवून. जीआरच्या शेवटी ज्यांना ज्यांना प्रत जाते त्यांची यादी असते, सगळ्यात शेवटी "निवडनस्ती", म्हणजे कार्यालयात जपून ठेवायची प्रत. आमच्याकडची निवडनस्ती जळाली होती आणि एका तालुक्यातल्या कारकुनाच्या कपाटात तीच प्रत सुरक्षित होती. त्या दिवसांत मला तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार कळलं होतं. नाव तेव्हापासून घेतलंय.

कलेक्टर आणि सीईओ. दोघेही बहुधा आयएएस, एकाच बॅचचेही असू शकतात, पण रांगा वेगळ्या. कलेक्टरांची रांग महसुलाची: तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर, विभागीय आयुक्त. जमीन, कायदा-सुव्यवस्था, निवडणुका, आपत्ती त्यांच्याकडे. सीईओ जिल्हा परिषदेचे, १९६१ च्या कायद्याने. गावचे रस्ते, प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र तिकडे. साकव त्यांच्या अंगणात. पण पैशांची वाटणी जिल्हा नियोजन समितीत होते, तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव कलेक्टर. म्हणून दोन्ही रांगा तिथे एकत्र येतात. तुम्हाला जे मंत्री हवे होते ते मुंबईत नव्हते, जिल्ह्याच्या नियोजन भवनात होते.

आणि दिल्लीवर रागावू नका. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत तेरावी नोंद रस्ते, पूल आणि तरींची, म्हणजे फेरीबोटींची, आहे, पाचवी स्थानिक स्वराज्य संस्थांची. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. माडाची दोन खोडं पूर्णपणे राज्याची. पोर्टलने दिलेलं उत्तर या सगळ्या पत्रांतलं सगळ्यात खरं उत्तर होतं.

अर्ज बाजूला ठेवा. तीन गोष्टी शोधून इथे लिहा: ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांच्या नोंदवहीत, तुमची वाट आहे का, साकवासाठी ग्रामसभेचा ठराव कधी झालाय का, आणि दोन्ही काठांची जमीन कुणाच्या सातबारावर आहे.

व्हाळापलीकडची

काका, तुमचं वाचून सासूबाईंना दाखवलं. "मुंबय फिरान परत हयसरच" म्हणून हसल्या.

काल ग्रामपंचायतीत जाऊन आले. नोंदवही काढायला अर्धा तास गेला, पान पिवळं आणि कडेला वाळवी. आमची वाट नमुना २३ मध्ये आहे, "मुख्य रस्ता ते वरची वाडी, लांबी ६०० मीटर." पण साकवाचा शब्द नाही. ग्रामसभेचा ठराव कधीच झालेला नाही. अर्ज मात्र सात सापडले, पहिला माझ्या सासऱ्यांच्या हातचा. सगळे "मा. मंत्री महोदय" नाहीतर "मा. आमदार" यांना. जिल्हा परिषदेला एकही नाही.

जमिनीचं बघते.

ओळंबा

मी एका जिल्हा परिषदेत शाखा अभियंता. जिल्हा सांगत नाही. काकांनी वरचं सांगितलं, खालचं मी सांगतो, आणि एक दुरुस्तीही करतो.

पालकमंत्री एकेक साकव मंजूर करत बसत नाहीत. नियोजन समिती वर्षाचा आराखडा मंजूर करते, त्यात साकवांसाठी एक रक्कम असते. त्या रकमेत कोणती कामं घ्यायची ती यादी आमच्याकडून तयार होते. मात्र पालकमंत्र्यांच्या पसंतीशिवाय ती यादी पुढे सरकलेली मी पाहिलेली नाही. त्यामुळे ताई, आमदारांचं पत्र लागेल, फक्त ते योग्य पत्त्यावर हवं. "साकव द्यावा" एवढ्या पत्राने काही होत नाही. "अमुक ग्रामपंचायतीच्या अमुक ठरावानुसार, नमुना २३ मधील अमुक रस्त्यावर" असं असेल तर ते पत्र मी बाजूला ठेवू शकत नाही.

ग्रामपंचायत पैसे नाहीत म्हणते ते खोटं बोलत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात (२०२१ ते २०२६) ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. उरलेल्यात साकव बसत नाही. दुसरा रस्ता म्हणजे पंचवीस-पंधरा. २५१५ हे लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचं हेड, आहे, ग्रामविकासाच्या कामांचं, पण गावोगावी लोकांना ते आमदाराचं नाव असल्यासारखं माहीत असतं. त्याची मंजुरी मात्र मुंबईहून येते. रस्त्यांसाठी तीस-चोपन्न आणि पन्नास-चोपन्न, म्हणजे ३०५४ दुरुस्तीला, ५०५४ भांडवली कामाला. आमच्याकडे कुणी काम घेऊन आलं की मी पहिलं विचारतो, "कुठल्या हेडमधून?" तुम्हाला उर्मट वाटलं असेल, पण हेड नसेल तर मी मोजमाप तरी कशाच्या जिवावर घेऊ?

आता प्रत्यक्ष काम. ठराव झाला की पत्र द्या, मी किंवा माझ्यासारखा कुणीतरी टेप घेऊन येईल. त्या दिवशी वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस काठावर उभा करा. आम्हाला पुराची खूण लागते. नकाशात ती नसते. "ह्या आंब्याच्या बुंध्यापर्यंत पाणी आलेलं, अमक्याच्या लग्नाच्या वर्षी" असं कुणीतरी सांगावं लागतं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हे विचारलं नव्हतं. साकव तीन पावसाळे टिकला, चौथ्यात पाणी वरून गेलं आणि एका बाजूचा भराव घेऊन गेलं. त्या गावात आजही मान खाली घालून जातो.

मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. पैसे बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, दिसेपर्यंत कुणाच्याही शब्दावर खडी आणून टाकू नका. जिल्हा परिषदेचं एक बरं असतं, मिळालेला निधी खर्चायला पुढचं आर्थिक वर्षही मिळतं, ३१ मार्चला लगेच परत जात नाही. कोकणात काम करायला मिळतात दिवाळीनंतरचे सहा-सात महिने, त्यात एखादी आचारसंहिता लागली की संपलं.

आणि हो, २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. त्या काळात तुमच्या गटाचा सदस्यच नव्हता. पूर्वी सदस्य आमच्या टेबलावर बसून चहा पीत "माझा साकव कुठेय?" विचारायचा. आम्ही वैतागायचो. पण तो नसला की वाडीचं नाव कुणी घेत नाही, हेही बघितलं.

फोंडेकार

महाराष्ट्रातल्या लोकांचं हे वाचून दमायला होतं. आमच्या गोव्यात अंतर कमी. ४० आमदार. १५ टक्के काढले तर सहाच मंत्री होतील, पण घटनेत पुढे लिहिलंय की मुख्यमंत्री धरून बारापेक्षा कमी नसावेत. म्हणून आमचे बारा. सव्वातीन-साडेतीन आमदारांमागे एक मंत्री! विधान परिषद नाही, विभागीय आयुक्त नाहीत. विधानसभा आणि सचिवालय पर्वरीला, मंत्र्याला भेटायला स्कूटरवरून जाऊन जेवायला घरी परत.

सोपं वाटतं ना? पण आमचे आयएएस येतात एजीएमयूटी केडरमधून, म्हणजे अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश सगळ्यांचं एकच केडर. बदल्या दिल्लीहून. सचिवाला गावाचं नाव नीट उच्चारता येईपर्यंत तो अंदमानला. मग उरतो कोण? आमदार. सकाळी त्याच्या घरासमोर रांग, आणि त्याने मामलेदाराला फोन केला की काम झालं. जिल्हा पंचायती आहेत, पण साकवासाठी त्यांच्या दारात कुणी जात नाही. तुमच्याकडे कागद फिरतो, आमच्याकडे माणूस फिरतो.

निवडनस्ती

ओळंबा, दुरुस्ती मान्य. आणि तुमच्या साकवाचं वाचून मलाही एक कबूल करावंसं वाटतंय.

कक्ष अधिकारी असताना माझ्या कार्यासनावर एका पाड्याचा अर्ज आला होता. विहिरीचा कठडा. मी ज्या विभागाकडे तो वर्ग केला तो चुकीचा होता. त्यांनी दोन महिन्यांनी परत पाठवला. मी वाचलंही नाही, आमच्याच सहायकाने तयार ठेवलेल्या पत्रावर सही केली आणि तो पुन्हा तिथेच गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अर्जदाराने वरच्या समासात पेन्सिलने लिहिलं होतं, "साहेब, कठडा गावाने बांधला. आता पाठवू नका." कागद मी घरी आणू शकत नव्हतो, नाहीतर आणला असता.

फोंडेकार, तुमच्या बारा मंत्र्यांचा हेवा वाटतो, बदलीच्या अर्जांचा वाटत नाही. आमदाराच्या फोनवर झालेलं काम दुसऱ्या आमदाराच्या फोनवर थांबतंही. कागद मंद असतो, पण त्याला निवडणुकीत पाडता येत नाही.

ताई, पुढच्या ग्रामसभेची तारीख बघा. ठराव करताना साकवाची जागा, व्हाळाची अंदाजे रुंदी, घरं आणि शाळेच्या मुलांची संख्या ठरावातच लिहायला सांगा. सूचक आणि अनुमोदक दोघांची नावं हवीत. ठरावाची प्रत ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह घ्या, झेरॉक्सवर विसंबू नका. आणि सासऱ्यांचा पहिला अर्ज त्याला जोडा. नियमाने त्याची गरज नाही, पण जोडा.

व्हाळापलीकडची

ग्रामसभा झाली. कोरम भरला, कारण वाडीतल्या बायका झाडून आल्या. ठराव मंजूर, शिक्क्याची प्रत माझ्या पर्समध्ये. सूचक मी, अनुमोदक माझी जाऊ. पुराची खूण दाखवायला आमच्या शेजारच्या आजोबांना तयार करून ठेवलंय, ते रोज विचारतात, "टेपवालो कधी येताहा?"

आता जमीन. अलीकडचा काठ ग्रामपंचायतीचा, प्रश्न नाही. पलीकडचा आमच्या चुलत घराण्याचा. सातबारा काढला तर नऊ नावं. त्यातले तिघे वारलेत, वारस लागलेले नाहीत. एक चुलत दीर नालासोपाऱ्याला असतात, त्यांच्याशी आमचं चार वर्षं बोलणं नाही. कारण विचारू नका, फणसाचं झाड आहे.

काका, संमतीपत्रावर मेलेल्या माणसांच्या सह्या कशा घ्यायच्या?

निवडनस्ती

आधी वारस नोंद. मृत्यूचे दाखले आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे अर्ज. तो फेरफार धरेल, संबंधितांना नोटीस काढेल, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतील. मग नव्या नावांच्या सह्या.

म्हणजे आता महसूलही आला. साकव एक, आणि विभाग ग्रामविकास, नियोजन, वित्त, महसूल. सासूबाईंना सांगा, अर्धं सरकार भेटलं.

ओळंबा

नालासोपाऱ्याची सही सगळ्यात आधी घ्या ताई. माझ्या टेबलावर जी कामं वर्षानुवर्षं पडून आहेत ती निधीअभावी कमी आणि अशा एका सहीअभावी जास्त.

व्हाळापलीकडची

तलाठी मंगळवारी गावात असतात. दाखले दोन मिळाले, तिसरा मुंबई महापालिकेचा काढावा लागेल, तो नालासोपाऱ्याच्या दिरांच्याच वडिलांचा. म्हणजे फोन करावाच लागणार.

सासूबाई म्हणाल्या, मी करतंय. आज संध्याकाळी अंगणात बसून केला. पहिली दहा मिनिटं फणसाबद्दलच चाललं होतं.